शिसं, बीड की सिमेंटात कालवलेलं भंगार? शिडाच्या बोटीच्या कीलमधल्या वजनाचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, बाकीचं वेळ असेल तर वाचा. बोट २० ते ३० फुटांची असेल, मुंबई हार्बरमध्ये नाहीतर गोव्यात मांडवीत ठेवायची असेल आणि खर्च स्वतःच्या खिशातून व्हायचा असेल तर कीलमध्ये (बोटीच्या तळाखाली पाण्यात उतरणारा पात्यासारखा भाग) शिसं एक नंबर, बाहेरून बोल्टने लावलेलं बीड (ओतीव लोखंड) दोन नंबर (दरवर्षी त्याचं सगळं करायची तयारी असेल तरच), आणि फायबरच्या पोटात सिमेंट आणि लोखंडाचे तुकडे कालवून ओतलेली कील असेल तर ती काढून टाकायचा पूर्ण खर्च बोटीच्या किमतीतून वजा करून मागा, मालक नाही म्हणाला तर नमस्कार करून निघा.

हे सगळं आम्ही तिघांनी मिळून सेकंडहँड २४ फुटी बोट घेतली आणि तिच्या पोटातलं वजन बदलून घेतलं त्यावरून लिहितोय. बोट दाखवणारा एजंट पहिल्यापासून एकच धोशा लावून होता, शंभर टक्के शिशाची कील आहे साहेब, इंग्लिश बनावटीची आहे, अशी आता मिळत नाही वगैरे. आमच्यातल्या एकाने जुन्या स्पीकरमधलं चुंबक सुतळीला बांधून खिशात आणलं होतं. बोट स्टँडवर उभी होती, त्याने चुंबक कीलच्या बाजूने सोडलं तर ते सरळ लोंबायच्या ऐवजी हळूच तिरकं झालं आणि टक् करून फायबरला जाऊन चिकटलं. थोडं पुढे सरकवलं, परत चिकटलं. खालच्या कडेला तर ओढून काढावं लागलं. यार्डात बाजूला होडीला रंग मारत बसलेले एक तांडेल काका होते, ते ब्रश न थांबवता म्हणाले, "शिसं कधी चुंबकाला धरतं का रे बाबांनो?" एजंटचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानंतर भाव बराच खाली आला आणि आम्ही बोट घेतली. तर पहिली टिप हीच, सेकंडहँड बोट बघायला जाताना चुंबक न्या, सर्व्हेअरच्या फीच्या मानाने ते फुकटच आहे. फक्त एक लक्षात ठेवा, चुंबक धरलं नाही म्हणजे आत शिसंच आहे असं नाही, नुसतं काँक्रीट असलं तरी ते धरणार नाही.

ज्यांना कील प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वारा शिडाला ढकलतो, बोट कलते, आणि खाली कीलमध्ये असलेलं वजन तिला परत सरळ खेचतं. वजन जितकं खाली तितकी ओढ जास्त. म्हणजे नुसतं किती किलो हा प्रश्न नाहीच, ते किलो किती खोल आहेत आणि किती जागेत बसलेत हा खरा प्रश्न. साध्या क्रूझिंग बोटीत एकूण वजनाच्या ३० ते ४० टक्के बलास्ट, म्हणजे हे खालचं वजन, असतो, काही बोटींत अर्ध्याहून जास्त असतो. नॉर्डिक फोकबोट ही जुनी स्कँडिनेव्हियन बोट घ्या, साधारण १९३० किलोची बोट आणि त्यात हजार किलोच्या वर बिडाची कील. म्हणूनच ती बोट वाऱ्यात दगडासारखी बसते.

आता जागेचं गणित, कारण सगळा खेळ त्याचाच आहे. शिसं घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, बीड ७.२ च्या आसपास, साधं काँक्रीट २.४. आमच्यासारख्या बोटीला समजा ८०० किलो लागतात. ऑफिसात पाण्याचा २० लिटरचा जार येतो ना, तो डोळ्यासमोर आणा. शिसं साडेतीन जारांत बसतं, बीड साडेपाच जारांत, सिमेंट आणि लोखंडाचे तुकडे मिळून ओतले तर नऊएक जार, आणि नुसतं काँक्रीट म्हटलं तर सोळा-सतरा जार. हे जार एकावर एक रचत वर आले की वजनाचा मध्य वर येतो, म्हणजे तेच ८०० किलो पण ओढ कमी. बरं, वर येऊ द्यायचं नसेल तर कील जाड करा, मग पाण्यात ओढ वाढते आणि बोट मंद होते. नाहीतर कील खोल करा, मग आपल्या हार्बरात पंचाईत. मुंबईला मोठ्या उधाणाला भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला कित्येक ठिकाणी नुसता चिखल उरतो, मांडवा-रेवस बाजूला ज्यांनी बोटी ठेवल्यात त्यांना विचारा. एक फूट जास्त ड्राफ्ट (बोट पाण्याखाली जितकी खोल जाते ते) म्हणजे दिवसातले काही तास जेट्टीजवळ जायचंच नाही. युरोपातल्या मासिकांत डीप कील, डीप कील म्हणून कौतुक चाललेलं असतं ते वाचून इकडे कोणी हुरळून जाऊ नये असं मला वाटतं.

शिशाबद्दल. जड असणं हा त्याचा गुण सगळ्यांना माहीत असतो, पण वापरल्यावर कळतं की मऊ असणं हा त्याहून मोठा गुण आहे. ओळखीतल्या एका बोटीची शिशाची कील खांदेरीच्या बाजूला खडकाला घासली. बोट वर काढली तर पुढच्या टोकाला वाटीएवढा खड्डा आणि एका बाजूला शिसं फुगून बाहेर आलेलं. लाकडी हातोड्याने ठोकून जाग्यावर बसवलं, वर आलेला भाग सुताराच्या रंध्याने तासला, हो अक्षरशः रंध्याने, चंदेरी सालपटं निघत होती, मग इपॉक्सी फिलर आणि रंग. सगळा दणका शिशाने स्वतःच्या अंगावर घेतला, वर बोटीच्या तळाला तडा नाही. तोच दणका बिडाच्या कीलला बसला असता तर बीड वाकलं नसतं, खड्डा पडला नसता, सगळा धक्का सरळ बोल्टांतून बोटीच्या तळात गेला असता. हे कॅटलॉगमध्ये कुठे लिहिलेलं नसतं.

अर्थात अगदी शुद्ध शिसं बाहेरच्या कीलला चालत नाही, स्वतःच्या वजनाने आणि बोल्टांच्या दाबाने ते हळूहळू पसरतं. त्यासाठी त्यात दोन ते चार टक्के अँटिमनी मिसळतात, मग ते कडक होतं. ओतणाऱ्याला हे विचारायलाच पाहिजे. गंज हा विषय शिशाला जवळपास नाहीच, वर करड्या रंगाचा थर धरतो आणि तोच त्याला सांभाळतो. शिशाने रेसिंगचा इतिहासही बदललाय, १९८३ मध्ये ऑस्ट्रेलिया टू या बोटीने अमेरिकेची १३२ वर्षांची मक्तेदारी मोडून अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची शर्यत जिंकली तो त्या पंखवाल्या कीलच्या जोरावर, आणि त्यातली अर्धी गंमत हीच होती की पंखांमुळे शिसं अगदी तळाला नेता आलं.

तोटा काय, तर पैसा आणि विष. पैशाचं पुढे सांगतो. विषाचं म्हणाल तर शिसं ३२७ अंशाला वितळतं, म्हणजे शेगडीवरसुद्धा वितळेल, आणि तिथेच लोकांचा घात होतो. इंटरनेटवर अंगणात जुन्या बाथटबमध्ये शिसं वितळवून कील ओतणाऱ्या गोऱ्या लोकांचे व्हिडिओ आहेत, बघायला भारी वाटतं, पण करू नका. साच्यात थोडा जरी ओलावा राहिला तर त्याची एका क्षणात वाफ होते आणि वितळलेलं शिसं कारंज्यासारखं अंगावर येतं. शिवाय धूर आणि धूळ. शरीरात शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, लहान मुलांना तर सगळ्यात वाईट. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणं तर विसराच, त्यासाठी २०२२ चे बॅटरी वेस्टचे नियम आहेत आणि ते काम परवाना असलेल्या रिसायकलरचं आहे. आमच्याकडे तयार लगड्या घेतल्या, वितळवायचा प्रश्नच ठेवला नाही. तरी कापाकापी करताना मास्क, हातमोजे, वेगळे कपडे आणि काम संपेपर्यंत चहा-बिडी बंद हा नियम. यार्डातला पोरगा पहिल्या दिवशी त्याच हाताने तंबाखू मळायला बसला होता, त्याला उठवून साबण लावून हात धुवायला लावले, तो दिवसभर आमच्यावर फुगून होता.

बीड. ज्यांच्या बोटीला बिडाची कील आहे त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, युरोपातल्या बहुतेक मोठ्या कारखान्यांच्या प्रॉडक्शन बोटी बिडाच्या कीलवरच निघतात आणि जगभर फिरतात. स्वस्त आहे, मजबूत आहे, पातळ उंच कील करता येते, आणि आपल्याकडे ओतकामाची काही कमी नाही. कोल्हापूरला शिरोलीच्या बाजूला फाउंड्र्यांची रांग आहे, ट्रॅक्टर-गाड्यांचे पार्ट ओतणारी माणसं आहेत, त्यांना कीलचा लाकडी पॅटर्न बनवून दिला तर काम होतं. आम्ही सुरुवातीला बाहेरची बिडाची कील लावायचा विचार करून तिकडच्या एका फाउंड्रीत चौकशी केली होती. माणूस सज्जन होता, फोनवर पहिला प्रश्न विचारला की एकच नग पाहिजे का? हो म्हटल्यावर हसला. एका नगासाठी पॅटर्नचा खर्च किलोच्या भावापेक्षा जड जातो हे त्याने आधीच स्पष्ट सांगितलं, उगाच गोड बोलून फसवलं नाही. सर्व्हिसला माझ्याकडून पूर्ण मार्क.

बिडाचा रोग म्हणजे गंज, आणि आपल्या कोमट खाऱ्या पाण्यात तो जोरात चालतो. शिंपले-कालवं रंगाला धरतात, खरवडताना रंग निघतो, त्या टिकलीएवढ्या जागेतून गंज आत शिरतो आणि पुढच्या वर्षी तिथे बशीएवढा फोड आलेला असतो. जुन्या, दुर्लक्ष झालेल्या बिडाचं आणखी एक लक्षण बघून ठेवा. वरून आकार तसाच दिसतो, पण चाकूने खरवडलं तर काळी मऊ भुकटी निघते, कारण लोखंड पाण्यात निघून गेलंय आणि मागे नुसतं ग्रॅफाइट उरलंय. तेवढा भाग मेलेला समजायचा. उपाय एकच, ग्रिट ब्लास्टिंग करून (जोराच्या हवेने खरखरीत कण मारून) चकचकीत धातूपर्यंत जायचं आणि लगेच इपॉक्सी प्रायमर. लगेच म्हणजे खरंच लगेच, जेवून येतो मग मारतो असं चालत नाही, मे महिन्यातल्या मुंबईच्या हवेत ब्लास्ट केलेलं लोखंड बघता बघता तांबूस होतं. त्यावर इपॉक्सीचे चार-पाच हात, आणि मग अँटिफाउलिंग, म्हणजे शिंपले धरू नयेत म्हणून मारतात तो रंग. तांब्याचं अँटिफाउलिंग उघड्या बिडावर चुकूनसुद्धा लावू नका, तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकत्र आलं की लोखंडाचा बळी जातो. हे सगळं पावसाळ्यात बोट वर असते तेव्हा दरवर्षी तपासायचं. ज्याला हे आवडतं त्याने बीड घ्यावं. मला आवडत नाही.

आणि आता आमचा मुख्य पाहुणा, सिमेंट आणि पंचिंगचे तुकडे. पंचिंग म्हणजे प्रेसवर पत्र्याला भोकं पाडली की खाली पडतात त्या लोखंडी टिकल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकात कितीतरी बोटींचे हल (बोटीचं मुख्य अंग) कीलसकट एकाच फायबरच्या साच्यात काढायचे आणि कीलच्या पोकळीत जे परवडेल ते भरायचं अशी पद्धत होती. चांगल्या कारखान्यांनी शिसं भरलं. काहींनी बिडाचा ठोकळा बसवून बाजूने रेझिन ओतलं, तेही ठीक. आणि काहींनी टिकल्या, नटबोल्ट, सळईचे तुकडे, जे भंगार मिळेल ते सिमेंटात नाहीतर रेझिनमध्ये कालवून ओतलं. पद्धत म्हणून पोकळीतला बलास्ट वाईट नाही, उलट कीलचे बोल्टच नाहीत तर बोल्ट गंजायची भीती नाही. पण त्यात लोखंड असेल आणि पाणी शिरलं तर मग संपलं, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा खातो आणि आतून फायबर फाडायला लागतो. पाणी वरून केबिनच्या तळातून पण शिरतं, खालून एखाद्या जुन्या घासलेल्या जागेतून पण शिरतं, आणि एकदा शिरलं की सिमेंट ते स्पंजासारखं धरून ठेवतं.

आमच्या कीलवर प्लॅस्टिकच्या हातोडीने वाजवत गेलो तर वर खणखणीत आवाज आणि खाली हातभर पट्ट्यात भदभद. तळाला छोटं भोक पाडलं. आधी काहीच आलं नाही, मग तपकिरी थेंब, मग धार, आणि वास असा की दोघं जण लांब जाऊन उभे राहिले. आठवडाभर ठिबकत होतं. केबिनची फळी काढून वरून फोडायला सुरुवात केली, इलेक्ट्रिक ब्रेकरने, कारण छिन्नीने ते हलेना. वरचं सिमेंट दगडासारखं, मधलं ओलं, आणि तळातलं नुसता काळा गाळ ज्यात टिकल्यांचे आकार दिसत होते पण हाताने चुरता येत होते. मे महिन्यात केबिनमध्ये वाकून ते खणायचं काम यार्डातल्या माणसांनी केलं, त्यांना ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले आणि ते योग्यच होतं. निघालेला माल टेम्पोत भरून वजनकाट्यावर नेला कारण तेवढंच वजन परत आत घालायचं होतं, पाण्यासकट ८०० च्या आसपास भरलं.

परत तेवढंच का, हे बरेच जण विचारतात. पोकळी तीच आहे तर ती शिशाने तोंडापर्यंत भरून टाका ना, बोट अजून भक्कम होईल! नाही होणार. पोकळी तीच ठेवून सगळं शिसं भरलं तर वजन दुपटीच्या वर जातं, बोट पाण्यात खाली बसते, डोलकाठी आणि दोरखंडांवर जो ताण येईल त्यासाठी ती बनवलेलीच नाही. बिडाच्या जागी त्याच आकाराची शिशाची कील लावतो म्हणणाऱ्यांनाही हेच, वजन दीडपटीहून जास्त होतं, बोल्ट तेवढ्यासाठी नाहीत. डिझायनरला विचारल्याशिवाय वजन वाढवू नका. आम्ही वजन तेवढंच ठेवलं, फक्त ते तळाला गेलं आणि वर मोकळी जागा राहिली, तिथे फायबरचं झाकण घालून वर बिल्ज पंपासाठी (तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप) छान खोल खड्डा मिळाला.

लगड्या बसवायचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. पोकळी आधी पूर्ण वाळवली, आतून नवीन फायबरचे थर दिले. लगड्या वायर ब्रशने घासून स्वच्छ केल्या, कारण वरच्या करड्या थरावर इपॉक्सी नीट धरत नाही. मग एक थर लगड्या, फटींत शिशाचे छोटे तुकडे, वरून इपॉक्सी, तो थंड झाला की पुढचा थर. घाई करून सगळं एकदम ओतलं तर इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापतं, धूर काढतं, तडकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर स्लो हार्डनर आणि पहाटेची वेळ याशिवाय हातच लावू नये. आणि वरचं झाकण भक्कम पाहिजे, बोट आडवी झाली तर ८०० किलो शिसं जाग्यावरून हलता कामा नये.

फरक पडला का? पडला, आणि बराच. दुपारी उत्तर-पश्चिमेचा वारा भरतो तेव्हा आधी रेलिंगपर्यंत कलणारी बोट आता आरामात जाते, शीड कमी करायची वेळ उशिरा येते, वाऱ्याच्या तोंडावर चढताना तर वेगळीच बोट वाटते. पण प्रामाणिकपणे एक तोटा सांगतो जो मला कोणी आधी सांगितला नव्हता. वजन खाली गेलं की बोट सरळ यायला फार घाई करते. गेटवेसमोर नांगरून बसलात आणि शेजारून मांडव्याची लाँच किंवा एखादी स्पीडबोट गेली की आधी जी बोट हळू झुलायची ती आता झटके देते, चहाचा कप धरून बसावं लागतं. बायकोने हा मुद्दा मांडला आणि तो खरा आहे. ज्यांची बोट नव्वद टक्के नांगरलेलीच असते आणि वर पाहुणे बसून भजी खातात, त्यांना एवढा खर्च करायची गरज नाही.

बाकीचे प्रकार पटकन. पाण्याचा बलास्ट म्हणजे बोटीच्या तळातल्या टाकीत समुद्राचंच पाणी भरायचं आणि वर काढताना सोडून द्यायचं. मॅकग्रेगर २६ सारख्या ट्रेलरवर नेता येणाऱ्या बोटींत असतं, गाडीमागे ओढून नेणाऱ्यांसाठी उत्तम, पण पाण्याचं पाण्यात वजन ते काय, बोट थोडी कलेपर्यंत त्याचा उपयोग कमीच. मोठ्या रेसर बोटी बाजूच्या टाक्यांत पाणी फिरवतात तो खेळच वेगळा. पोलादाची पातळ कील आणि तळाला शिशाचा बल्ब हे कॉम्बिनेशन रेसिंगला झकास, पण खोल असतं, म्हणजे परत चिखल. टंगस्टन जवळपास सोन्याइतकं जड आणि भावही तसाच तोरा दाखवणारा. आणि कोणाला वाटत असेल याहून पुढे काय, तर फ्रेंच नाविक एरिक ताबार्लीने १९७३ मध्ये पेन दुईक सिक्स या बोटीला चक्क डिप्लीटेड युरेनियमची कील लावली होती, शिशाच्या दीडपटीहून जड. नंतर रेसिंगच्या नियमांनी त्यावर बंदी आणली आणि त्या बोटीला शिसं लावावं लागलं. आपल्याकडे नुसत्या रंगाच्या डब्यासाठी जेट्टीवर शंभर प्रश्न विचारतात, युरेनियमचं सोडाच.

बोल्टांवर मात्र थांबून बोलायला पाहिजे, कारण बाहेरची कील घेणारे लोक शिसं की बीड यावर तासन् तास वाद घालतात आणि ती कील ज्यावर लटकलीय त्याकडे बघत नाहीत. मे २०१४ मध्ये चीकी राफिकी नावाची ४० फुटी बोट अटलांटिकमध्ये उलटी सापडली, कील गायब, चार जण गेले. ब्रिटिश तपासात संशय कशावर आला, तर आधी जमिनीला लागून आणि दुरुस्त्या होऊन तळाची आतली बांधणी कमजोर झाली असावी यावर. कील कुठल्या धातूची होती हा मुद्दाच नव्हता. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट केबिनमधून बघाल तर नट चकचकीत असतात, पण सांध्याच्या आत जिथे पाणी आहे आणि हवा नाही तिथे स्टेनलेस खड्डे पडून कुरतडलं जातं, बोल्ट बाहेर काढला तर मधेच कमरेत बारीक झालेला निघतो. म्हणून एखादा बोल्ट काढून बघितल्याशिवाय समाधान मानू नका. शिशाच्या कीलला जुने लोक ब्राँझचे बोल्ट वापरायचे, आता बहुतेक ३१६ स्टेनलेस, पण दोन्ही एकत्र करू नका. सांध्यात पॉलीयुरेथेन सीलंट, आणि कील-हलच्या जोडाला पुढच्या टोकाला हसल्यासारखी चीर दिसली, अमेरिकेत तिला कॅटलिना स्माइल म्हणतात, तर ती नुसती पुट्टीने बुजवून रंग मारू नका, बोल्ट कसून आणि आत बघून मग ठरवा. विकायला काढलेल्या बोटीची ती चीर ताजी रंगवलेली असेल तर आधी तिथेच बोट ठेवायचं.

पैशाचं. आम्हाला मिळालेले भाव सांगतो, तुमच्या वेळी बदललेले असतील. शिसं किलोला दोनशेच्या अलीकडे-पलीकडे, बिडाचं ओतकाम शंभरीच्या आसपास पण पॅटर्न आणि वाहतूक वेगळी, टिकल्यांचं भंगार तीस-चाळीस. म्हणजे ८०० किलोला शिसं साधारण दीड-पावणेदोन लाख. ऐकायला जास्त वाटतं, पण आमचा एकूण खर्च झाला त्यात शिशाचा वाटा अर्ध्याहून कमी होता, बाकी सगळं फोडणं, वाळवणं, फायबर, इपॉक्सी, क्रेन आणि यार्डाचं भाडं. मटेरियल स्वस्त घेऊन काय वाचतं मग? मजुरी तर तेवढीच लागणार. आणि उद्या बोट मोडीत काढायची वेळ आली तर शिसं घ्यायला माणूस दारात येतो, सिमेंट टाकायला मात्र आपल्यालाच पैसे द्यावे लागतात, आम्ही दिले.

यार्डाबद्दल नाव न घेता. फायबरचं काम उत्तम, माणसं मेहनती, पण सुपरवायझर दर वेळी "परवा होईल" म्हणायचा आणि पाऊस तोंडावर आला तरी परवा काही येईना. शेवटी झाकणाचे थर आम्ही स्वतः उभं राहून करून घेतले. तीन स्टार. लगड्या देणारा तळोज्याकडचा सप्लायर मात्र एकदम सरळ, प्रत्येक लगडीवर वजन लिहिलेलं, बिल पक्कं, आणि हे बोटीत घालणार म्हटल्यावर त्याने स्वतःहून विचारलं की बाहेर लावणार असाल तर अँटिमनीवाला माल देतो, आत घालणार असाल तर साधा चालेल, उगाच जास्त पैसे कशाला. पाच स्टार. गोव्यात काम करून घेणाऱ्यांना सोपं जाईल असं वाटतं, दिवाडीला ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकरांनी नौदलाच्या शिडाच्या बोटी म्हादेई आणि तारिणी बांधल्या, त्यामुळे शिडाच्या बोटीची कील म्हणजे काय हे तिकडच्या कारागिरांना पहिल्यापासून समजावत बसावं लागत नसेल.

करायचं ठरवत असाल तर यार्ड आणि क्रेन फेब्रुवारी-मार्चमध्येच बुक करा, मेच्या शेवटी सगळ्यांनाच बोटी वर घ्यायच्या असतात. वाळवायला धरला त्याच्या दुप्पट वेळ धरा. आणि कील फोडायच्या दिवशी शेजारच्या बोटींवर ताडपत्री टाकायला सांगा, ती तपकिरी धूळ पांढऱ्या जेलकोटवर (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर) बसली की निघता निघत नाही, शेजारी अजून कुरकुरतोय.